मागे राहिलेल्यांची शाखा

वर्ध्याकडून परत येऊन महिना होत आला, तरी आमच्या देवगडच्या शेजारणी अजून येतात आणि एकच विचारतात, "तिकडे खायला काय होतं गो?" समुद्र नसलेल्या मुलखात माणसं जेवतात तरी काय, हा आमच्याकडे मोठाच प्रश्न समजला जातो. खायला पुष्कळ होतं, ते मी सांगणार आहेच. पण मी तिकडे खायला गेले नव्हते आणि बघायलाही नाही. माझ्या एकुलत्या एका मुलीच्या, रेवतीच्या, लग्नाची बोलणी करायला गेले होते आणि सगळा वेळ जीव नुसता टांगणीला लागला होता.

रेवती भाषांचा अभ्यास करते. म्हणजे भाषा शिकत नाही, भाषांची आपापसातली नाती शोधते. त्यासाठी ती तैवानला असते. नितेश तिला तिथेच भेटला, तोही तेच शोधतो. तो वर्धा जिल्ह्यातला, गोंड समाजातला. हे कळल्यावर माझ्या दिरांनी फोन करणं बंद केलं. त्याचं मला फारसं वाटलं नाही, कारण एरवीही ते आंब्याच्या दिवसांतच करतात. मला भीती वेगळीच होती. रेवतीने सांगून ठेवलं होतं, "आई, त्यांच्या घरात आत्या हो म्हणाली तरच लग्न होतं. ती नाही म्हणाली तर नितेश तिचा शब्द मोडणार नाही." आणि दुसरी भीती मी कोणालाच सांगितली नव्हती. हे गेल्यापासून घरात मी एकटी. लग्न झालं की ही दोघं परत तैवानला जाणार. म्हणजे आत्या नाही म्हणाली तर मुलीचं मन मोडणार, आणि हो म्हणाली तर मी कायमची मागे राहणार. अशा प्रवासाला बाईने नक्की कसलं तोंड करून निघावं, ते मला कळेना.

पुलगाव

आम्ही पुलगावला उतरलो तेव्हा डब्यातल्या लोकांना फार बरं वाटलं असणार. भेट म्हणून मी सुके बांगडे घेतले होते. प्लास्टिक, वर वर्तमानपत्र, वर पुन्हा प्लास्टिक, वर जुना टॉवेल. तरी समोरचे गृहस्थ नाशिकपासूनच नाकाला रुमाल लावून बसले होते. मी खिडकीबाहेर बघत होते, जणू वास बाहेरून येतोय.

नितेश जीप घेऊन आला होता. तो माझ्या पाया पडायला वाकला, तसाच थांबला आणि म्हणाला, "काकू, बांगडा?" मला वाटलं, झालं, पहिल्या पावलालाच माशी शिंकली. पण तो हसत होता. "आत्या खूश होईल. आमच्या बाजारात सुकट येते, बांगडा नाई येत."

स्टेशनबाहेर त्याने आम्हाला तर्री-पोहे खाऊ घातले. पोह्यांवर लाल रस्सा ओततात. कोकणात पोह्यांवर खोबरं पेरतात, रस्सा ओतलेला बघून आमच्या सासूबाईंना भोवळ आली असती. मी दुसरा घास घेत होते तेवढ्यात नितेशने सहज सांगितलं, की इथे जवळच लष्कराचा दारूगोळ्याचा मोठा डेपो आहे.

मी चमचा खाली ठेवला. "किती जवळ?"

"काकू, माझ्या जन्माच्या आधीपासून आहे तो."

"तेच तर," मी म्हटलं. इतकी वर्षं साठवलेला दारूगोळा म्हणजे काय साधी गोष्ट आहे? मी पोहे संपवले, पण घाईने संपवले.

जीप गावाबाहेर पडली आणि दोन्ही बाजूंना कापूस सुरू झाला. वेचणी चालली होती, बायका कमरेला ओटी बांधून ओळीने पुढे सरकत होत्या. इतकी सलग जमीन बघायची मला सवय नाही. आमच्याकडे नजर लांब टाकली की तिला पाणी लागतं, इथे लागतच नव्हतं. मग मी बाहेर बघायचं सोडलं आणि काळजीच्या कामाला लागले. "आत्या विचारतील मुलगी काय शिकते. मी काय सांगू?"

रेवती म्हणाली, "सांग, की तैवान नावाचं एक बेट आहे. तिथल्या मूळच्या लोकांच्या भाषा आहेत. त्याच घराण्यातल्या भाषा पश्चिमेला मादागास्करपासून पूर्वेला पार ईस्टर बेटापर्यंत पसरल्यात. फिलिपिन्स, जावा, हवाई, न्यूझीलंडचे माओरी, सगळे त्यातले. या घराण्याला ऑस्ट्रोनेशियन म्हणतात. हजाराहून जास्त भाषा. पण या झाडाला बुंध्यापाशी पहिल्या फांद्या किती फुटल्या ते मोजायला बसलं, की बरेच जण दहाच्या आसपास मोजतात. आणि त्यातल्या एक सोडून सगळ्या, म्हणजे नऊएक, एकट्या तैवानवर आहेत."

"आणि दहावी?"

"दहावी म्हणजे होडीत बसून बेट सोडून गेलेल्यांची. बाकीचा सगळा समुद्र त्या एका फांदीवर."

होडी म्हटल्यावर मला धीर आला. आमच्याकडे मालवणच्या बाजूला उलांडीच्या होड्या असतात, होडी कलंडू नये म्हणून एका अंगाला लांब लाकूड बांधलेल्या. रेवतीने मागे एकदा सांगितलं होतं, की ही युक्ती त्या बेटांवरच्या दर्यावर्दी लोकांकडून इकडे आली असावी असं काही जण मानतात. "मग आपणही थोडे त्यांच्यातलेच की," मी म्हटलं.

"आई, होडी उसनी घेता येते. तिच्यावरून घराणं ठरत नाही."

"बरं. म्हणजे मागे राहिलेल्या नऊ फांद्या एका बाजूला आणि गेलेली एक दुसऱ्या बाजूला."

"तसं नाही. त्या नऊ एका बाजूला नाहीतच. प्रत्येक वेगळी. गेलेल्यांनी जाताना, गेल्यावर, एकत्र काहीतरी नवीन केलं, म्हणून त्यांची एक शाखा झाली. मागे राहिलेल्यांनी एकत्र असं काही केलं नाही, फक्त राहिले. नुसतं मागे राहणं हे काही नातं नसतं."

ती हे शिकवावं तसं सहज बोलली. तिच्या मनातसुद्धा नसेल. पण ते मला लागलं, आणि आंजी मोठी हे गाव मागे पडेपर्यंत मी बांगड्यांचं बोचकं मांडीवर घट्ट धरून बसले.

आंजीच्या पुढे

गावाचं नाव लिहू नका असं नितेशने बजावलंय, नाहीतर आत्या रागावेल. आंजीवरून आत वळलं की येतं, एवढं पुरे. चाळीसेक घरं, मातीच्या भिंती निळ्या-पांढऱ्या रंगवलेल्या, अंगणं अशी सारवलेली की चप्पल घेऊन पाय ठेवायची लाज वाटावी. "जय सेवा," असा त्यांच्यातला नमस्कार करत नितेशची आई, कांताबाई, पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आल्या आणि त्यांनी माझे पाय धुतले. आमच्याकडे विहिणीचे पाय मुलीची आई धुते. इथे उलटं झालं आणि मी इतकी गडबडले, की मीही खाली वाकून त्यांचे पाय शोधू लागले. दोघींची डोकी आपटली.

"राहू द्या ताई," कांताबाई कपाळ चोळत म्हणाल्या. "पायले कोन पयलं हात लावते, याच्यावर काय भांडन नाई आपलं."

आत्या म्हणजे गिरजाआत्या, नितेशच्या वडिलांची थोरली बहीण. लहानखुरी, हातभर गोंदण, आणि डोळे असे, की त्यांनी बघितलं की आपण पदर सारखा करावा. त्या घरच्यांशी गोंडीत बोलत, माझ्याशी वऱ्हाडीत. गोंडीतलं मला काही कळत नव्हतं आणि त्यामुळे प्रत्येक वाक्य माझ्याबद्दलच आहे असं वाटत होतं. मधेच सगळे हसले. मी रेवतीला कोपर मारलं. नितेश म्हणाला, "काकू, बकरीबद्दल बोलत आहेत."

जेवायला ज्वारीची भाकरी, वांग्यात घातलेले तुरीचे ओले सोले आणि ठेचा. सोले म्हणजे कोवळ्या तुरीचे हिरवे दाणे, त्या दिवसांत शेतातून थेट पातेल्यात येतात. मी तीनदा वाढून घेतले. बांगडा चुलीत भाजला, वास घरभर झाला आणि गिरजाआत्यांनी डोक्यामागचा काटासुद्धा चोखला. मला जरा बरं वाटायला लागलं. आणि बरं वाटायला लागलं की मी जास्त बोलते, हा माझा स्वभाव.

"आमच्याकडेही घर असंच सारवतात," मी म्हटलं. मग, "आमच्याकडेही गावचा देव झाडाखालीच असतो." मग, "आमच्याकडेही देवाला कोंबडा लागतो हो." एकेक सारखेपणा मी त्यांच्यापुढे मांडत होते. दोन घरं सारखी दिसली की आत्या हो म्हणतील, हे मी मनाशी पक्कं धरलं होतं. रेवती आणि कांताबाई मागे तुरी सोलत होत्या. नितेश जीपपाशी होता.

गिरजाआत्यांनी विचारलं, "बाई, तुमच्यात देव किती?"

हे मला ठाऊक होतं! नितेश जीपमध्ये म्हणाला होता, आमचं घराणं सहा देवांचं. मी डोळे मिटून आमचा देव्हारा आठवला. गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, कुलदेवीचा टाक, रामेश्वराचा टाक. पाच भरले. शंख धरला तर सहा होत होते. मी शंख धरला.

"सहा!" मी आनंदाने म्हटलं. "तुमच्यासारखेच सहा."

गिरजाआत्या हातातला तांब्या खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मोठ्याने हाक मारली, "नितेश!" तो आला. त्या गोंडीत एक वाक्य बोलल्या आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मग माझ्याकडे वळून, शांतपणे, मला कळावं म्हणून वऱ्हाडीत म्हणाल्या, "सहा देवाचे आमी, सहा देवाचे तुमी. मंग हे दोघं भाऊ-बहीन झाले. लगन कसं होईन?"

ते मला कोणी सांगितलंच नव्हतं. यांच्यात चार देवांची, पाच देवांची, सहांची, सातांची अशी घराणी असतात आणि ज्यांचे देव सारखे ते सगळे एकमेकांचे भाऊ. सोयरीक करायची ती आकडा वेगळा असलेल्यांशी. सारखेपणा दाखवून मी नातं जुळवायला गेले होते आणि असं जुळवून बसले की लग्नच होऊ नये.

"शंख," मी घाईघाईने म्हटलं, "शंख हा खरा देव नव्हे. शंख काढला तर पाच राहतात."

"देव असे कमी-जास्त करता येत नाई बाई," गिरजाआत्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी, तिथेच

सकाळी कोणीच माझ्याशी वाईट वागलं नाही, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. कांताबाईंनी चहा दिला. चहात साखर भरपूर होती. मी तो घेऊन गोठ्याच्या बाजूला बसले आणि मला रडू आलं. पोरीच्या लग्नाला शंख आडवा आला, तोही मी स्वतः नेऊन ठेवलेला. आणि खरं सांगायचं तर त्या रडण्यात एक चोरटा कोपरा होता. लग्न मोडलं तर ती मागे राहील, माझ्याजवळ. तो कोपरा दिसला आणि मला माझीच चीड आली.

रेवती शेजारी येऊन बसली. आधी ती रागावली, मग तिला हसू फुटलं, मग पुन्हा रागावली. "हेच आमच्याकडे पहिल्या वर्षाची मुलं करतात," ती म्हणाली. "सारखं दिसलं की जोडून मोकळी."

"मग करायचं काय असतं?" मी नाक पुसत विचारलं.

"चल, आत्यांनाही दाखवते. बसून राहून काय होणार आहे?"

अंगणाच्या कडेला पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडांची, गेल्या साली वाळवलेली काटकं रचलेली होती. रेवतीने मूठभर उचलली आणि गिरजाआत्यांच्या पायांशी बसून ती जमिनीवर मांडायला लागली. आत्या सुपात डाळ निवडत होत्या. निवडणं थांबलं नाही, पण नजर काटक्यांवर आली.

"आत्या, हा माझा अभ्यास," रेवती म्हणाली. "डोळ्याला तैवानात बऱ्याच भाषांत 'मता' म्हणतात. मलायातही मता. माओरीतही मता."

"मंग सारे एकच."

"घराणं एक. पण त्यात कोण कोणाला जवळचं, ते या शब्दावरून कळत नाही. हा शब्द मुळातच होता, ज्याने त्याने जपला. जपलेलं सारखं असलं तर त्यावरून सख्खे-चुलत ठरत नाही. नवीन काय केलं ते बघायचं."

"नवीन म्हंजे?"

"जे बेट सोडून गेले ना, त्यांनी एक केलं. पुष्कळ जणांना 'तुमचं' म्हणायचा जो शब्द होता, तो ते एकट्या माणसालाही लावायला लागले."

"म्हणजे अहो-जाहो!" मी मध्येच म्हटलं. "मानाने बोलणं."

"मानासाठीच केलं असावं असं मानतात. आता हे तैवानवर राहिलेल्यांत नाही, पण बाहेर गेलेल्या सगळ्यांत आहे. म्हणजे हे त्यांनी पांगण्याआधी, एकत्र असताना केलेलं. म्हणून ते एका फांदीचे. तैवानजवळच्याच एका लहान बेटावर एक भाषा आहे, बेट तैवानच्या सरकारचं, पण भाषा या गेलेल्यांच्या फांदीवरची. घर कुठे आहे यावरून ठरत नाही."

गिरजाआत्यांनी सूप बाजूला ठेवलं. "आन् बाकीच्या काड्या?"

तिथे रेवतीचा आवाज जरा पडला. तिने दहा काटक्या एकाच ठिपक्यातून पंजासारख्या पसरून लावल्या. "काही जण म्हणतात, सगळ्या एकदम फुटल्या, अशा. कोण आधी कोण नंतर, सांगता येत नाही." मग तिने त्या उचलल्या आणि एकीच्या अंगातून दुसरी, दुसरीच्या अंगातून तिसरी, अशा शिडीसारख्या लावल्या. "काही म्हणतात, नाही, अशा. त्यांचं म्हणणं, आकड्यांचे शब्द एकदम आले नाहीत. आधी साताचा नवा शब्द आला, मग पाच आणि सहाचे, मग आठ-नऊचे, शेवटी दहाचा. ज्यांच्याकडे जेवढे आले, तेवढे ते वरच्या पायरीवर. आणखी काही जण म्हणतात, एकच भाषा सगळ्यांत आधी वेगळी झाली आणि बाकी सगळ्या मिळून एक. यावर भांडणं आहेत. माझा प्रबंध याच भांडणात अडकलाय."

"तुले कोनतं खरं वाटते?"

"मला ठाऊक नाही आत्या. मला भीती वाटते, की मी दहा वर्षं काम करून शेवटी 'ठाऊक नाही' असंच लिहीन."

ती हे मला कधी बोलली नव्हती. माझ्यापासून लपवलेली काळजी तिने त्या गोंदलेल्या हातांच्या बाईपुढे ठेवली, आणि मला एकदम तिची कीव आली आणि थोडा मत्सरही वाटला.

गिरजाआत्यांनी शिडीतली एक काटकी उचलून पाहिली. त्या म्हणाल्या, "आमच्यातबी हेच भांडन हाय. कोनी सांगते, चारी घरानी एकाच येळी निंगाली. कोनी सांगते, एकामागून एक. माह्या बापाचं न् माह्या सासऱ्याचं याच्यावरून वाजलं होतं, मांडवात." त्या हसल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुह्ये देव देव्हाऱ्यातले बाई. आमचे पेन, म्हंजे देव, घरात नसते, गावाभाईर, झाडाखाली. त्याची मोजनी येगळी. रातभर मी इचार केला. तुह्ये सहा मी धरत नाई."

मी जी सुटले ती त्यांचे पायच धरले. जीव भांड्यात पडला.

"पन मंग हिले देवच नाई. जिले देव नाई तिले सून कशी करू? हिले कोनाच्या तरी मांडीवर बसा लागन, देव घ्या लागन. नितेशचा मामा वडनेरले हाय, सात देवाचा. मामी हिले मांडीवर घेईन. मामाची लेक झाली म्हंजे मंग काऊन नाई म्हनू? मामाची लेक तं हक्काची."

सगळे आनंदले. कांताबाईंनी रेवतीला जवळ ओढलं. नितेश कुठेतरी फोन लावायला धावला. मी उभीच होते.

"म्हणजे ती मामींची मुलगी होणार," मी म्हटलं. "मग मी?"

"तू कायले चिंता करून राह्यली? पोट्टी सुखात राहीन." गिरजाआत्यांना माझा प्रश्न कळला नव्हता, किंवा कळून त्यांनी टाळला. त्या पुन्हा डाळ निवडायला लागल्या.

वडनेर

वडनेर हिंगणघाट तालुक्यात, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. जीपमध्ये कांताबाईंनी मला विधी समजावला. फार काही नाही. मामी पाटावर बसणार, मुलीला मांडीवर घेणार, आणि मग जन्म देणाऱ्या आईला विचारणार, "लेक देली?" आईने "देली" म्हणायचं. झालं. तांदळाचा टिळा, नवी साडी, जेवण.

"एक शब्द," कांताबाई माझा हात दाबून म्हणाल्या. "बस्स."

मी तो शब्द हिंगणघाटापर्यंत मनात घोकला. रेवती पुढे नितेशशेजारी बसली होती आणि मधूनमधून वळून बघत होती. तिला कळत होतं. "आई, हे फक्त त्यांच्या नियमात बसवायला आहे," ती एकदा म्हणाली. "तू माझी आईच." मी मान हलवली. पण काटक्या मांडून नाती ठरवणाऱ्या मुलीने 'फक्त' म्हणावं, याने माझं समाधान कसं व्हावं? नात्यांची मांडणी किती खरी असते ते तिनेच मला दाखवलं होतं.

शेवंतामामी दारातच उभ्या होत्या. गिरजाआत्यांच्या अगदी उलट, धिप्पाड, मोठ्या आवाजाच्या, कपाळावर घाम. त्यांना तीन मुलगे, मुलगी नाही. अंगणात हिरव्या फांद्यांचा लहानसा मांडव घातला होता. इतक्या कमी वेळात मांडव! म्हणजे या बाईने किती वाट बघितली असेल. तिचा हेवा करायचा का तिच्यावर रागवायचं, मला सुचेना.

गाव जमलं. शेवंतामामी पाटावर बसल्या. रेवती, एकोणतीस वर्षांची घोडी, संकोचाने त्यांच्या मांडीवर टेकली. मामींनी तिला दोन्ही हातांनी असं आवळलं, की तिचा चष्मा वाकडा झाला. सगळे हसले. मग शांत झाले.

मामींनी माझ्याकडे बघितलं. "ताई, लेक देली?"

घोकलेला शब्द जिभेवर होता. मी तोंड उघडलं.

"नाही," मी म्हटलं.

कोणीतरी गोंडीत काहीतरी पुटपुटलं. कांताबाईंचा हात तोंडावर गेला. नितेश खांबाला धरून उभा होता. रेवतीने माझ्याकडे बघितलं ते मी आयुष्यात विसरणार नाही, तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला कळलं, मी दुसऱ्यांदा तिचं लग्न मोडत होते, आणि यावेळी शंखावर ढकलायची सोय नव्हती. पण बोलणं सुरू झालं होतं आणि ते थांबेना.

"म्हणजे देते," मी म्हटलं. "देते हो मामी. पण सगळी देत नाही. तुमचीही होऊ दे. तुमचे सात देव तिला लागू देत, मी त्यांच्या पाया पडते. पण माझी राहू दे अर्धी. मला दुसरं कोणी नाही. ती लांब जाणार आहे, परक्या बेटावर. ती गेल्यावर मी कोण म्हणून तिची वाट बघू? मला भीती वाटते."

शेवटचं वाक्य मी कोणाला, नवऱ्यालासुद्धा, कधी बोलले नव्हते. चारचौघांत बोलून गेले आणि पदराने तोंड झाकून घेतलं.

मांडवात चुळबुळ झाली. दोन म्हातारे एकमेकांशी जोरात बोलायला लागले. शेवटी सगळे गिरजाआत्यांकडे बघू लागले. त्या खाटेवर बसल्या होत्या, भुवया चढवून.

"अर्धी लेक," त्या म्हणाल्या. "आपल्यात असं कधी झालं नाई."

शेवंतामामींनी रेवतीच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. त्यांचेही डोळे भरले होते आणि त्या रागावल्यासारख्या दिसत होत्या.

"नाई झालं तं आता झालं," त्या म्हणाल्या. पाटावर त्या बाजूला सरकल्या. "या ताई. बसा इथी. माह्या एकटीच्या मांडीवर मावतबी नाई थे."

मी बसले. रेवती एका मांडीवर माझ्या, एका मांडीवर मामींच्या, अशी कशीबशी मावली. तिचं वजन मला पेलवत नव्हतं, तरी मी तिला घट्ट धरून ठेवलं. गिरजाआत्या उठल्या, ताटलीतले ओले तांदूळ घेतले, रेवतीच्या कपाळाला लावले, मामींच्या लावले. माझ्यापाशी येऊन थांबल्या.

"इले काय म्हनाचं आता?" त्यांनी सगळ्यांना विचारलं. "माय तं शेवंता झाली. कांताची इहीन म्हनावं तं इहीनबी शेवंताच."

कोणालाच ठाऊक नव्हतं. असं माणूस त्यांच्यात नव्हतंच, त्यामुळे त्याला शब्द नव्हता. एका म्हाताऱ्याने गोंडीत एक सुचवला, तो बायकांना आवडला नाही. कांताबाईंनी वऱ्हाडीत एक सुचवला, तो ऐकून मामा खो खो हसले. मग सगळा मांडव त्याच कामाला लागला, जेवण निवत राहिलं. मीही दोन सुचवले. तेवढ्यात गिरजाआत्यांनी माझ्या कपाळावर तांदूळ दाबून बसवले, शब्द ठरायची वाट न बघता.

लग्न फाल्गुनात आहे. शब्द अजून ठरलेला नाही. परवा वडनेरहून शेवंतामामींचा फोन आला, त्यांना आणखी एक सुचला होता. तो मला पटला नाही. "थांबा मंग," त्या म्हणाल्या, "उद्या करते फोन."